खिसेवालीचा ब्लाऊज

आईने शिवलेलं कापड जमिनीवर पडायचं. घरच्या पायमशीनवर उशीची खोळ असो नाहीतर माझ्या शाळेच्या स्कर्टची उसवलेली शिवण, शेवटचा टाका पडला की तिचा डावा हात ते कापड डावीकडे सरकवायचा आणि सोडून द्यायचा. ती बघायची नाही. तोवर तिचे डोळे आणि उजवा हात पुढचा तुकडा घ्यायला उजवीकडे गेलेले असायचे, आणि उजवीकडे नुसती भिंत होती. डावीकडे मोरी. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीतल्या खोलीत मशीन ठेवायला दुसरी जागा नव्हती, त्यामुळे शिवलेलं प्रत्येक कापड एकदा भिजायचं. मग मीच तिथे पाट टाकून बसायला लागले. माझा पहिलीपासूनचा अभ्यास आईच्या डावीकडे, मोरीच्या कठड्याला टेकून झालाय. कापड आलं की पकडायचं, घडी घालायची, परत पाढे.

ही सवय तिला लाइनने लावलेली.

स्टेशन ओलांडून उल्हासनगरच्या अंगाला गेलं की जीन्सच्या गल्ल्या लागतात. त्यातल्या एका युनिटमध्ये आई मी चालायला लागले तेव्हापासून होती. वर माळ्यावर कटिंग मास्तर कापड कापायचा, खाली एका रांगेत मशिनी. एकीने पुढचे भाग जोडायचे, दुसरीने झिप लावायची, आईने मागचे खिसे, तिच्या पुढचीने साइडची शिवण मारायची, मग बेल्ट, मग खालची घडी. प्रत्येकीकडे उजवीकडून पँट यायची आणि डावीकडे जायची. सोडताना मान वळवायची नाही. मान वळवली की वेळ जातो, आणि मागे सुपरवायझर फिरत असतो: "आँख सिलाई पे, हाथ आगे." पुढचीचा हात तिथे आहेच असं धरून कापड सोडायचं, आणि तो हात असायचाच. वीसेक वर्षं होता.

युनिटमध्ये बायकांना नावं नव्हती. झिपवाली, साइडवाली, बेल्टवाली. आई खिसेवाली. सुट्टीच्या दिवशी बाजारात भेटल्या तरी एकमेकींना याच हाका. या लिखाणात कुणाचं नाव नाही ते त्यामुळेच. मालकांनी पुसून टाकलेली नावं मी शोभेसाठी परत चिकटवणार नाही.

पप्पा पत्रकं वाटायचे, अजून वाटतात. कधी चाळीच्या पाण्यासाठी, कधी वीजबिलाविरुद्ध, कधी बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगारांच्या सभेचं. गुलाबी, पिवळा, पोपटी कागद, हाताला काळी शाई लागणारा. उरलेले गठ्ठे पलंगाखाली जायचे आणि तिथून माझ्याकडे. जोडाक्षरं मी त्यांवर शिकले. 'कष्टकरी' मला 'कमळ'च्या आधी वाचता यायला लागलेलं. शाळेत बाई म्हणायच्या, हिचा निबंध भाषणासारखा असतो. मला ते कौतुक वाटायचं.

आमच्या घराचा आणि कापडाचा संबंध मला पप्पांनीच सांगितला. त्यांचे आजोबा मुंबईत गिरणीत होते, सूत काढायच्या खात्यात. विणायच्या खात्यात पगार बरा होता, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवीन कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. आज एकाने ओठ लावलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या ओठाला. मग महाराच्या तोंडचा धोटा कोण तोंडात घेणार? गिरणीत वाफेवरची यंत्रं आली, विजेवरची आली, आणि अस्पृश्यता त्या यंत्राच्या इवल्याशा भोकात जाऊन बसली. पणजोबांनी जन्मभर सूत काढलं, वीतभर कापड विणलं नाही. माझे आजोबा कल्याणच्या बाजूला कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात लागले. तिथे लाकडाच्या लगद्यापासून धागा व्हायचा आणि रिळं भरून कुठेतरी निघून जायची. त्याचं कापड कुठे होतं, हे त्यांना कधी कळलं नाही. पप्पांची पाळी आली तोवर भरती बंद झालेली. ते आता टिटवाळ्याला एका नव्या टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत. आणि आई, खिसे.

आमच्या घरात माणसं पिढ्यान् पिढ्या कापडावर जगली आणि एकाच्याही हातून अख्खा कपडा बाहेर पडला नाही. कॉलेजात असताना मी हे एका पत्रकात लिहिलेलं. पप्पांनी वाक्य तसंच ठेवलं, फक्त पुढे 'साथींनो' घातलं.

युनिट बंद झालं ते शुक्रवारी. शुक्रवार हा आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. शनिवारी सकाळी बायका डबे घेऊन गेल्या तर शटर खाली आणि त्याला नवीन कुलूप. साइडवाली रस्त्यावर आडवी झाली आणि शटरखालच्या फटीतून आत बघितलं.

"मशिनी नाहीत गं," ती म्हणाली. "फरशीला नुसती भोकं आहेत."

नदीत रंगाचं पाणी सोडतात म्हणून जीन्स धुणारे कारखाने आधीच बंद झालेले. नदी निळीकाळी वाहत होती हे खोटं नाही. तिच्यासाठीची पत्रकं मीही वाटलीत. पण ज्यांनी ती नासवली ते मशिनी टेम्पोत घालून दुसरीकडे गेले, तिथे त्यांना दुसरी नदी मिळाली असेल. खिसेवाली इथेच राहिली. आम्ही पत्रक काढलं, शेठच्या दारावर गेलो. घर भाड्याने दिलेलं होतं. नव्या भाडेकरूने पत्रक नीट घडी घालून घेतलं आणि दार लावलं.

आई गल्लीतल्या बाकीच्या युनिटांत जाऊन आली. पन्नाशीकडे झुकलेली बाई म्हटल्यावर कुणी मशीनवर बसवून बघायलाही तयार नव्हतं. त्यांना युनिटमध्येच राहणारी, तिथेच झोपणारी तरणी पोरं हवी होती. चार दिशांनी नकार घेऊन ती घरी आली आणि मशीनवरची धूळ पुसत बसली.

साइडवाली मात्र महिन्याच्या आत कामाला लागली. ती आमच्या मागच्या चाळीत राहते. माहेर-सासर दोन्ही कोकणातलं, आवाज एवढा की ती बोलायला लागली की शेजारचे टीव्ही बंद करतात. युनिटमध्ये ती आईच्या लगेच डावीकडे बसायची. आईने सोडलेली प्रत्येक पँट तिच्या हातात गेलेली. आता ती शिळफाट्याच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सात हाउसकीपिंगला होती आणि आईला न्यायला आलेली.

"चल माझ्याबरोबर. गाडी येते न्यायला. दोन बिल्डिंगा तुझ्या, दोन माझ्या."

"काम काय?"

"काम काय म्हणजे. लॉबी, जिने, लिफ्ट. झाडायचं, पुसायचं. युनिफॉर्म देतात, ढोपरापर्यंत कोट, त्याला खिसे आहेत. एक वाकडा लावलाय. तुझी आठवण आली."

आई हसली नाही.

"अगं झाडू आहे, साप नाही."

"तुला झाडू आहे," आई म्हणाली.

साइडवालीने आईच्या डब्यातलं वर्षानुवर्षं खाल्लेलं आहे, चौदा एप्रिलला आमच्याकडे जेवायला येते, पण काही गोष्टी एका डब्यात जेवून कळत नाहीत. आईची आई कल्याणच्या मंडईत झाडायची. आई लहानपणी तिच्याबरोबर जायची, भाजीचा सडका पाला पाटीत भरायला. एकदा एका भाजीवाल्याने आईच्या हातात बटाटे वरून टाकले, हात लागू नये म्हणून, आणि त्यातला एक तिच्या तोंडावर बसला. तेव्हा तिने ठरवलं की मशीन शिकायची. लग्नात तिने माहेराकडून मागितलेली एकच वस्तू म्हणजे आमची ती पायमशीन.

झाडणं हे काम हलकं नाही. झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे जन्माआधी ठरवणारे लोक हलके. हे मी अनेकदा लिहिलंय आणि आताही लिहिते. पण त्या दिवशी खोलीत हे वाक्य कुणाच्या कामाचं नव्हतं.

आईनेच हिशेब मिटवला. "एक तारखेपर्यंत बघते. मशीन मिळाली तर मशीन. नाहीतर येते तुझ्याबरोबर."

त्याच आठवड्यात मी डोंबिवलीला पूर्वेला एका लेडीज टेलरच्या दुकानावर पाटी बघितली, कारागीर पाहिजे. आत जाऊन विचारलं. दुकानाच्या मालकीणबाई पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलणाऱ्या, गळ्यात टेप. म्हणाल्या, "घेऊन या त्यांना पुढच्या सोमवारी. बसवून बघू. ब्लाऊज येतो ना?"

मी म्हटलं, "वीस वर्षं मशीनवर आहे." ते खरंच होतं.

घरी सांगितलं तेव्हा साइडवाली तिथेच होती. तिने आईकडे बघितलं. "खिसेवाला ब्लाऊज शिवणार का तू?"

"तूच शिकव," आई म्हणाली.

साइडवालीने लग्नाआधी गावाला शिवणक्लास केलेला. आमच्या तिघींत अख्खा कपडा येत असलेली तीच एकटी, आणि तिलाच त्याचं काही नव्हतं. रोज संध्याकाळी शिळफाट्याहून आली की अंगावरचा कोट न काढताच आमच्याकडे. पेपर कटिंगला कागद हवा होता. पलंगाखालून पप्पांचा गठ्ठा ओढला. पाठ गुलाबी पत्रकाची, पुढचे भाग पिवळ्याचे, बाही पोपटी. आईचा एक जुना ब्लाऊज उसवून त्याचे तुकडे कागदावर ठेवून बघितले. बाहीवर 'कामगार बंधू-भगिनींनो' आडवं आलेलं, काखेच्या गोलाईत 'भगिनींनो' कापलं गेलं.

पप्पा ड्युटीवरून आले, त्यांनी बाही उचलून वाचली. "कुठल्या सभेचं आहे?"

"पाण्याच्या," मी म्हटलं.

"तिथे आलेले अकरा-बारा जण. हे बरं आहे, कामी तरी आलं." त्यांनी बाही जपून खाली ठेवली आणि चहा मागितला.

आईला शिवण्यात काही अडचण नव्हती. सुई तिचं ऐकायची. अडचण दुसरीच होती. खांदा जोडून झाला की ती थांबायची आणि विचारायची, "आता हा कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. तुझ्याकडेच. आता गळा."

गळा झाला की परत, "मग?"

"मग बाही. अगं तूच आहेस पुढची. झिपवाली तू, बेल्टवाली तू, साइडवाली पण तू. मला काढलंस तू कामावरून."

आई पहिल्यांदा हसली. पण विचारायची थांबली नाही. एवढी वर्षं तिच्याकडे पँट यायची तेव्हा आधीचं सगळं झालेलं असायचं आणि जायची तेव्हा पुढचं सगळं बाकी. मधलं तिचं. आता सगळंच मधलं होतं.

पहिला ब्लाऊज तिने जुन्या साडीच्या काठाकडच्या कापडाचा शिवला. शिवणी सगळ्या दुहेरी, घडी घालून दाबलेल्या, जीन्सला असतात तशा. साइडवालीने दोन्ही हातांनी ओढून बघितला, हलला नाही. "हा घालून बाई नदीत उडी मारू शकते. बाई बुडेल, ब्लाऊज वर येईल." दुसरा बरा झाला. तिसऱ्याची कटोरी नीट बसली, हुकपट्टी सरळ. साइडवालीने उलटून आतली बाजू बघितली आणि अंगावरच्या कोटाच्या वाकड्या खिशात हात घालून बसली.

कापड मात्र अजून डावीकडे जायचं. प्रत्येक वेळी नाही. विचार करत शिवत असली की मांडीवर राहायचं. हात बसला की जायचं. मी घरात असले तर पकडायचे. नसले तर आई बादली उपडी करून मशीनला टेकवून ठेवायची, म्हणजे तुकडा तिच्यावर पडेल, मोरीत नाही.

"सवय मोड ना," साइडवाली म्हणायची.

"मोडेल."

"बादली ठेवून कशी मोडेल?"

आम्ही तिघी हसलो. तेव्हा तो विनोद वाटला. तिघींनी मिळून कापड कुठे पडेल याचाच बंदोबस्त केला. हाताचा केला नाही.

सोमवारी आईने डोकं धुतलं, नखांच्या कडा लिंबाने घासल्या. युनिट बंद होऊन महिना उलटला तरी तिथे निळा रंग होता. डोंबिवलीला उतरून दुकानापर्यंत चालताना ती दोनदा म्हणाली, "तू बाहेर थांब हं." मालकीणबाईंनीच मला आत बसवलं, गिऱ्हाइकांच्या बाकावर.

दुकान लांबट होतं. भिंतीला टेकून तीन मशिनी, मोटरवाल्या. दोन बायका काम करत होत्या, तिसरी मशीन रिकामी. तिच्या डावीकडे इस्त्रीचं टेबल, जाड चादर अंथरलेलं, आणि तिथे एक वयस्क प्रेसवाले काका शाळेचे पिनाफोर इस्त्री करत होते. शाळा सुरू व्हायच्या होत्या, ढीग लागलेला.

मालकीणबाईंनी आईला आधी एक सुती कापलेला ब्लाऊज दिला, विक्रीचा नाही, बघण्यापुरता. आई मशीनवर बसली. पायडलवर पाय ठेवताच मोटर किंचाळली आणि ती दचकली. मग सावकाश, एकेक टाका मोजून घातल्यासारखी शिवू लागली. प्रत्येक भाग झाला की मांडीवर घ्यायची, उलटून बघायची. कपाळावर घाम. वेळ लागला, पण ब्लाऊज झाला. मालकीणबाईंनी तो उजेडाकडे नेला, काखेतली शिवण बघितली, मुंढ्याच्या गोलाईवरून बोट फिरवलं.

"छान आहे हो हात. शिवण पक्की आहे. वेग येईल हळूहळू." मग त्यांनी कपाटातून एक पुडकं काढलं. मोरपंखी रेशमी, अस्तरासकट कापून ठेवलेला. "हा करून बघा. उद्या द्यायचाय. झाला नीट तर आजच ठरवू आपण."

आई माझ्याकडे बघून किंचित हसली. तिचे खांदे खाली आले. मी ते खांदे आधी फक्त फोटोत तसे बघितलेत, युनिटच्या दसऱ्याच्या फोटोत, जिथे सगळ्या बायका आपापल्या मशीनमागे उभ्या आहेत.

आणि मग तिने शिवायला सुरुवात केली, खरी. मोटरचा आवाज एकसारखा झाला. घरच्या पायमशीनवर मी तिला असं कधी बघितलेलं नव्हतं. युनिटमध्ये मुलांना सोडत नसत. टक्स, खांदा, गळ्याची पट्टी, कापड तिच्या बोटांखालून पाण्यासारखं जात होतं. शेजारची बाई आपलं काम थांबवून बघायला लागली. मालकीणबाई फोनवर होत्या, त्यांनीही मान वळवली. मला वाटलं झालं. मी मनात वाक्य जुळवायलाही लागलेले.

ती सगळा वेळ घाबरलेली होती तेव्हा चुकली नाही. भीती गेली आणि लाइन परत आली.

एक बाही जोडून झाली, दोरा तुटला, आणि आईचा डावा हात मोरपंखी ब्लाऊज घेऊन डावीकडे गेला आणि त्याने तो सोडला. तिचे डोळे उजवीकडे होते. मी उठले तोवर तो सरकून इस्त्रीच्या टेबलावर गेलेला. प्रेसवाले काका दुसऱ्या हाताने ढिगातून पुढचा पिनाफोर ओढत होते. त्यांनीही बघितलं नाही. इस्त्री जिथे ते रोज टेकवतात तिथे टेकवली.

वास आधी आला. केस जळाल्यासारखा.

काकांनी इस्त्री उचलली. "अहो बाई, हे इकडं कसं आलं?"

आईचा हात अजून उजवीकडे होता, रिकामा. तिने वळून बघितलं. "पुढे दिला," ती म्हणाली.

काका मालकीणबाईंकडे बघून म्हणाले, "माझी चूक नाही हो," आणि लगेच हळू आवाजात, "बाईंची पण नसेल." दंडाकडच्या भागावर इस्त्रीच्या टोकाएवढा डाग होता, तपकिरी, कडेने आकसलेला.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, मला उलट बोलता येतं. त्यांनी ब्लाऊज उचलला, डाग बघितला, मग शिवण बघितली, परत डाग. "कुठे होता तुम्ही आधी?"

"जीन्सच्या युनिटला. मागचे खिसे."

"नुसते खिसे?"

"हो."

त्यांनी खुर्ची ओढली आणि आईच्या समोर बसल्या. "हे बघा, हात चांगला आहे तुमचा. पण माझ्याकडे एकेकीला अख्खा कपडा करावा लागतो, आणि कापड गिऱ्हाइकाचं असतं. मला भीती वाटेल तुम्हाला बसवायला." त्यांनी ढिगातला एक पिनाफोर उचलला. "एक करता येईल. युनिफॉर्मचे खिसे मी बाहेर देते. घरी न्या, लावून आणा. खिसे तुमच्याइतके सरळ कुणी लावणार नाही."

मी आईकडे बघितलं. मशीन म्हणजे मशीन. घरात बसून. झाडू नाही. माझं पत्रक मला सांगत होतं की हाच तो सापळा, कामगाराला तुकड्यात कोंडून ठेवायचा, आता तर त्याच्याच घरात, त्याच्याच मशीनवर. आणि माझं मन सांगत होतं, हो म्हण.

"नको, मॅडम," आई म्हणाली. "हा मी नेऊ का?"

"हा? काय करणार याचं?"

"एक बाही राहिलीय."

मालकीणबाईंनी तो पुडक्यासकट तिला दिला. गिऱ्हाइकाचं त्या बघतील म्हणाल्या. आम्हाला दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आल्या, तेही मी इथे लिहून ठेवते, कारण मला त्यांच्यावर राग काढायचा होता आणि त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

स्टेशनवर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "खिसे का नाही घेतलेस?"

"खिसे खूप झाले."

"घरी बसून झाले असते."

"तेच ना." पुडकं तिच्या मांडीवर होतं, दोन्ही हात त्याच्यावर. "घरी बसून खिसा लावला की डावीकडे कोण? बादली. तू लिहितेस ना लाइनबद्दल, माणसाचा पुर्जा करतात म्हणून. करतात. माझा झालाच. पण तिथे सोडलेलं कापड कुणीतरी धरायचं गं."

मला यावर द्यायला उत्तर होतं. पप्पांच्या गठ्ठ्यात अशी उत्तरं आहेत, त्यातली काही मीच लिहिलेली, आणि ती चूक नाहीत. ज्यांनी तिला एका खिशापुरती ठेवली त्यांनी तिच्या वीस वर्षांची चोरी केली, आणि जाताना तिच्या डावीकडची बाईही उचलून नेली. गाडी आली, आम्ही चढलो.

महिनाअखेरीला तिने ब्लाऊज पूर्ण केला. दुसरी बाही जोडली, हुक हाताने लावले, अस्तराची कड टिपली. हे सगळं सावकाश, प्रत्येक वेळी कापड मांडीवर घेत. साइडवाली आली तेव्हा आई तो अंगाला लावून बघत होती. छातीला सैल, खांदे उतरलेले. मला घालायला लावला, मला तर त्यात दोनदा मावता आलं असतं. साइडवालीच्या दंडात बाही अडकली.

"माझ्या एका दंडात गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाची सासू दोघी बसतील," ती म्हणाली आणि बाही ओढून काढली. "कुणाला होतो हा? तिघी आहोत, एकीला नाही."

पप्पांनी पेपरातून डोकं वर काढलं. "अख्खा झाला ना पण?"

"झाला." आईने ब्लाऊज मशीनच्या फळीवर पसरला. खडूच्या खुणा आत अजून होत्या. ती प्रत्येक शिवण त्या खुणांवरून बोटाने तपासत गेली, मुंढा, कंबर, गळा, बाहीची लांबी. डागावरून बोट तसंच पुढे गेलं. "जिचा होता तिला बरोबर बसला असता," ती म्हणाली. घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला.

एक तारखेला सकाळी साइडवालीने बाहेरून हाक मारली. आई तयार होती, डबा पिशवीत, चप्पल पायात. पप्पा ड्युटीला निघायचे होते, पण उगाच बुटाची नाडी सोडून परत बांधत बसलेले. त्यांनी वर बघितलं नाही. आईने त्यांच्या खांद्यावरचा धागा काढला आणि बाहेर पडली.

मी दारात उभी. साइडवाली तिला समजावत होती, आजचा दिवस जास्त काही करू नकोस, कोट मोठा मिळेल, बाह्या दुमडून घे, पहिली लॉबी मी झाडेन, तू मागून पुसत ये.

"नको," आई म्हणाली. "दोघी झाडू. तू माझ्या डावीकडे राहा."